जुन्या डिझेल ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स खोलण्याआधी काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

गाडी डी मध्ये टाकली की दणका बसतो, किंवा रेस दिली की आरपीएम चढतो पण गाडी उचलतच नाही, किंवा सकाळी छान चाललेली गाडी सायनच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रखडली की रिव्हर्स घेईनाशी होते. गॅरेजमध्ये नेली की दहा मिनिटांत निकाल, "शेठ, गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल." कधी खरंच गेलेला असतो. पण बऱ्याचदा दुखणं बॅटरीत, वायरींच्या एखाद्या ओल्या जोडात (कपलरमध्ये), कमी झालेल्या ऑइलमध्ये नाहीतर इंजिनातच असतं आणि बिल मात्र गिअरबॉक्सचं फाडलं जातं.

लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते क्रम चुकल्यामुळे. आधी ऑइल बदलतात, मग बॅटरीची वायर काढून रिसेट मारतात, मग स्कॅनर लावून कोड पुसून टाकतात, आणि मग विचारतात की प्रॉब्लेम काय असेल. तोपर्यंत ऑइलचा रंग, वास, लेव्हल, मेमरीतले कोड, सगळा पुरावा गेलेला असतो आणि चांगल्यातला चांगला मेकॅनिकही अंदाजच बांधणार. म्हणून खालचा क्रम धरून चला: आधी वाचायचं, बघायचं, लिहून ठेवायचं, पाना नंतर उचलायचा.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग असलेल्या) जुन्या डिझेल ऑटोमॅटिकसाठी आहे, म्हणजे फॉर्च्युनर, पजेरो स्पोर्ट, एंडेव्हर, स्कॉर्पिओ, व्हर्ना सीआरडीआय, मर्सिडीजचा पाच गिअरवाला ७२२.६ बॉक्स अशी मंडळी. तुमची गाडी डीएसजी (दोन क्लचवाली) किंवा एएमटी (मॅन्युअल बॉक्सच आपोआप चालवणारी) असेल तर स्कॅन, बॅटरी आणि वायरिंगचा भाग लागू पडेल, बाकीचा नाही, आणि स्टॉल टेस्ट (ब्रेकवर धरून पूर्ण रेस देण्याची चाचणी) तर डीएसजीवर अजिबात करू नका.

तयारी

मल्टीमीटर पाहिजे, साधा डिजिटल चालतो, लॅमिंग्टन रोडला हवा तसा मिळतो. चांगला टॉर्च, पांढरे टिश्यू पेपर, रबरी हातमोजे, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, एक वही आणि फोनचा कॅमेरा. स्कॅनरचं खाली सांगतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुमच्या मॉडेलची माहिती. ऑइलचा ग्रेड कुठला, लेव्हल कशी बघायची (पी मध्ये की एन मध्ये, किती तापमानाला), स्टॉल आरपीएम किती, हे सर्व्हिस मॅन्युअलमधून काढून वहीत लिहा. दुसऱ्या गाडीचे आकडे चालत नाहीत, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचेसुद्धा वेगळे असतात.

आणि सपाट जागा. मुंबईत ही खरी अडचण आहे, कारण सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगला पाणी निघून जावं म्हणून उतार दिलेला असतो आणि पोडियमचा रॅम्प तर विचारायलाच नको. डोळ्याला सपाट वाटणाऱ्या जागेतही डिपस्टिकचं रीडिंग फसवू शकतं. फोनमधलं लेव्हलचं ॲप जमिनीवर ठेवून बघा, नाहीतर ओळखीच्या गॅरेजमध्ये दोन खांबांची लिफ्ट असेल तिथे करा.

सावधान: गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच जाऊ नका. जॅक स्टँड लावा, चाकांना ठोकळे लावा, आणि इंजिन चालू असताना गिअर बदलायचे असतील तर कुणीही गाडीच्या पुढे किंवा मागे उभं नको.

१. लक्षण नीट लिहून काढा

"गिअर नीट पडत नाही" याला काही अर्थ नाही. वहीत हे लिहा: गाडी थंड असताना होतं की तापल्यावर, कितव्या गिअरला, किती स्पीडला, हलक्या पायाने की दाबून रेस दिल्यावर, एसी चालू असताना की बंद, पावसात जास्त होतं का, आणि गाडी बंद करून परत चालू केली की बरं होतं का.

हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. गाडी अचानक एकाच गिअरला अडकली, उचल मेली, आणि चावी बंद करून चालू केल्यावर थोडा वेळ नीट चालली, तर ती लिम्प मोडला गेली होती. म्हणजे कंप्युटरने काहीतरी गडबड पकडून बॉक्स वाचवण्यासाठी एकच गिअर धरून ठेवला, बहुतेक गाड्यांत दुसरा किंवा तिसरा. अशा वेळी मेमरीत कोड असण्याची शक्यता जास्त, तेव्हा बॅटरीला हात लावायचा नाही.

थंड आणि गरम यातला फरकही नीट पकडा. सकाळी पहिल्यांदा डी मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी हलते आणि नंतर दिवसभर नीट चालते, तर रात्रभरात कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतंय, नाहीतर आतली रबरी सील कडक झालीत, किंवा ऑइलच कमी आहे. उलट सकाळी एकदम मस्त आणि तापल्यावर स्लिप मारते, तर गरम होऊन पातळ झालेलं ऑइल आत कुठून तरी निसटतंय आणि प्रेशर बनत नाहीये. हे दुसरं दुखणं जास्त खर्चाचं असतं.

२. स्कॅन करा, पण काहीही पुसू नका

बाजारात मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड वाचतो. तो "नो फॉल्ट" म्हणाला म्हणजे गिअरबॉक्स ठीक असं होत नाही, त्याने गिअरबॉक्सच्या कंप्युटरला विचारलेलंच नसतं. ट्रान्समिशनचं मॉड्यूल उघडणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा आणि स्क्रीनचे फोटो काढा, फ्रीझ फ्रेमसकट, म्हणजे कोड पडला तेव्हा स्पीड, आरपीएम, तापमान काय होतं ते. जुन्या टोयोटात ओडी ऑफचा (ओव्हरड्राइव्ह म्हणजे वरचा गिअर बंद असल्याचा) दिवा आपोआप लुकलुकत असेल तर तीही बॉक्सच्या कंप्युटरने दिलेली तक्रारच समजा.

नेहमी दिसणारे कोड:

पी०७०० म्हणजे स्वतः कुठला बिघाड नाही, गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे काहीतरी आहे एवढंच इंजिनचा कंप्युटर सांगतोय. याच्यावरून बॉक्स उतरवायला सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा.
पी०७०५ म्हणजे लिव्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या स्विचची तक्रार.
पी०७१५ आणि पी०७२० म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा स्पीड मोजणारे सेन्सर किंवा त्यांची वायर.
पी०७३० म्हणजे मागितलेला गिअर आणि प्रत्यक्षातला रेशो जुळत नाही, स्लिप असू शकते पण स्पीड सेन्सर खोटं बोलला तरीही हाच कोड येतो.
पी०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचं लॉकअप, म्हणजे इंजिन आणि बॉक्सची आतली थेट पकड, नीट लागत नाही.
पी०७५० म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड, गिअर बदलायला ऑइलचा रस्ता उघडणारा विजेचा व्हॉल्व्ह.
पी०२१८ म्हणजे ऑइल जास्त तापलं.
पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी.

कोड हा पत्ता आहे, निकाल नाही. सोलेनॉइडचा कोड आला म्हणून सोलेनॉइडच खराब असं नसतं, वायर तुटली, कपलरमध्ये ऑइल किंवा पाणी गेलं तरी तोच येतो. आणि पी०५६२ सोबत आणखी चार कोड असतील तर आधी बॅटरीचं बघा, बाकीचे त्याचीच पिल्लं असू शकतात.

तपासा: फोटो काढले? फ्रीझ फ्रेम लिहून घेतली? स्कॅनरवाल्याचा हात "क्लिअर" बटनावर जायच्या आत त्याला थांबवा, काही लोकांना ही सवयच असते.

३. बॅटरी आणि इंजिन, बॉक्सच्या आधी

डिझेल इंजिनला स्टार्टर फिरवायला पेट्रोलपेक्षा जास्त करंट लागतो, त्यामुळे दमलेली बॅटरी गाडी चालू करताना व्होल्टेज एवढं पाडते की गिअरबॉक्सचा कंप्युटर बिथरतो. मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, स्टार्टर फिरताना साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये, इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५. मग मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी गिअरबॉक्सच्या बॉडीला लावून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत ही पट्टी आतून हिरवी पडते आणि वरून ठीक दिसते, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा.

आता इंजिन. गिअर कधी बदलायचा आणि किती जोरात, हे बॉक्स इंजिनकडून मिळणाऱ्या माहितीवर ठरवतो. टर्बोचा होज पाइप फाटलेला असेल, एअर फिल्टर चोंदला असेल, ईजीआरमध्ये (धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) काजळी बसली असेल, डिझेल फिल्टर जाम असेल, तर इंजिनला दम नसतो, मग बॉक्स उगाच खालचा गिअर शोधत बसतो आणि तुम्हाला वाटतं गिअर नीट पडत नाही. इंजिन धरून ठेवणारी रबरी माउंटिंग बसली असतील तर डी मध्ये टाकल्यावर जो दणका लागतो तो बॉक्सचा नसतोच, अख्खं इंजिन उडी मारत असतं. बॉनेट उघडा, हँडब्रेक लावा, ब्रेकवर पाय घट्ट, आणि दुसऱ्या माणसाला बाजूला उभं करून (समोर नाही) डी आणि आर मध्ये टाकून इंजिन किती हलतं ते बघायला सांगा. आयडल आरपीएम जास्त असेल तरी दणका बसतो.

काही अगदी जुन्या मर्सिडीज डिझेलमध्ये बॉक्सला व्हॅक्युमची नळी जाते. डिझेलमध्ये हा व्हॅक्युम पंपातून येतो आणि तीच लाइन बाकीच्या कामांनाही जाते, त्यामुळे एखादी चिरलेली रबरी नळी गिअर दणकून पाडू शकते. ज्या बॉक्सला ॲक्सिलरेटरकडून केबल येते तिथे केबलचं सेटिंग बघा: सैल असेल तर गिअर लवकर आणि मऊ पडतात आणि बॉक्स स्लिप मारतो, ताणलेली असेल तर उशिरा आणि दणक्याने पडतात. सैल केबलवर गाडी चालवत राहिलात तर धडधाकट क्लच प्लेट जळून जातात.

४. ऑइल: लेव्हल, रंग, वास

इथे डिझेलवाल्यांचा एक खास घोटाळा होतो. डिझेलचं इंजिन ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं आणि ते नॉर्मल आहे. गिअरबॉक्सचं ऑइल काळं होणं नॉर्मल नाही. "डिझेल आहे, काळं असणारच" हे इथे लागू नाही, बॉक्सच्या ऑइलचा इंजिनातल्या काजळीशी संबंधच येत नाही.

डिपस्टिक असलेल्या गाडीत: वीसेक मिनिटं चालवून ऑइल ७० ते ८० सेल्सिअसला आणा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरवर दोन-तीन सेकंद ठेवत फिरवा, मॅन्युअल म्हणेल त्याप्रमाणे पी किंवा एन मध्ये इंजिन चालूच ठेवून स्टिक काढा, पुसा, परत पूर्ण आत घालून काढा. "हॉट"च्या खुणेवर बघायचं. इंजिन ऑइलसारखं बंद गाडीत बघितलं तर कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली आल्याने लेव्हल खोटी जास्त दिसते, आणि ही चूक रोज होते.

बऱ्याच गाड्यांना स्टिकच नसते. खाली चेक प्लग असतो, तो ठरावीक तापमानाला (अनेक गाड्यांत ३५ ते ४५ सेल्सिअसच्या दरम्यान) इंजिन चालू ठेवून उघडतात आणि ऑइल बारीक धारेवर थांबलं की लेव्हल बरोबर. मर्सिडीजच्या ७२२.६ बॉक्सला नळी आणि टोपी असते पण स्टिक नसते, ती गॅरेजकडे असते. हे काम तापमान दाखवणाऱ्या स्कॅनरशिवाय करायला देऊ नका, "अंदाजाने भरलं" हे उत्तर चालत नाही.

आता एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. चांगलं ऑइल लालसर, पारदर्शक डाग करत सगळीकडे सारखं पसरतं. वय झालेलं तपकिरी पसरतं, त्यालाही अजून फार घाबरायचं नाही. पण मध्ये काळा ठिपका जिथल्या तिथे बसला आणि भोवती फक्त फिकट कडं पसरलं, तर त्यात क्लचचा चुरा आहे. बोटांमध्ये घासून बघा, कचकच लागते का, आणि वास घ्या. करपलेला वास एकदा घेतला की परत विसरत नाही. गुलाबी दुधाळ, सोलकढीसारखं दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय, गाडी तिथेच बंद करा. वर फेस असेल तर ऑइल जास्त भरलंय किंवा पंप कुठून तरी हवा ओढतोय.

सावधान: लेव्हल कमी असेल तर फक्त बरोबर ग्रेडचंच ऑइल टाका, थोडंथोडं, परत परत बघत. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या बॉक्सला एसपी-३ लागतं आणि सहा गिअरच्याला एसपी-४. टोयोटात टी-४ आणि डब्ल्यूएस एकमेकांच्या जागी चालत नाही. "मल्टी व्हेइकल" लिहिलेला डबा दुकानदाराने पुढे केला तर त्यावर तुमचा ग्रेड छापलाय का ते आधी वाचा.

५. गेलं कुठे? गळती आणि कूलर

गिअरबॉक्स ऑइल पीत नाही. लेव्हल कमी म्हणजे कुठून तरी गळतंय, नाहीतर मागच्या वेळी कमी भरलं होतं. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. चेंबरचं (बॉक्सखालच्या ऑइलच्या ट्रेचं) पॅकिंग, लिव्हरच्या शाफ्टचं सील, इंजिन आणि बॉक्सच्या जोडामधून थेंब (म्हणजे पुढचं सील), मागचं सील, आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या बघा. या नळ्या जिथे क्लॅम्पमध्ये बसतात तिथेच गंजतात, क्लॅम्प सरकवल्याशिवाय दिसत नाही. वरळी सीफेस, मढ, वर्सोवा अशा समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास बघा.

७२२.६ मध्ये वायरिंगच्या प्लास्टिक कपलरची रिंग कडक झाली की ऑइल वायरमधून चढत चढत थेट कंप्युटरपर्यंत जातं. कपलर काढून आत ऑइल आहे का बघणं पाच मिनिटांचं काम आहे, रिंगा बदलणंही स्वस्त आहे, आणि हे न बघता कंप्युटर बदलायला लावणारे भेटतात.

बऱ्याच गाड्यांत बॉक्सचा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. तो आतून फुटला की कूलंट बॉक्समध्ये आणि ऑइल कूलंटमध्ये. कूलंटच्या टाकीत तेलकट थर दिसतो का बघा, इंजिन थंड असतानाच झाकण उघडून. तसं असेल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, कारण पाण्याने क्लच प्लेटवरचं अस्तर सुटायला लागतं. आधी रेडिएटर बदला, मग आत किती बिघडलंय ते बघा.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. बॉक्सला वरच्या बाजूला हवा जायची नळी असते. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून गरम गाडी काढली की बॉक्स एकदम थंड होतो आणि ती नळी पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. गाडी त्या दिवशी नीट चालते, लक्षण काही दिवसांनी दिसतं. म्हणून पाण्यातून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑइलचा रंग बघा. गाडी पाण्यात बंद पडली असेल तर परत स्टार्टर मारू नका आणि दोरी लावून टोचन करू नका, चालणारी चाकं जमिनीवर फिरली आणि इंजिन बंद असलं की बऱ्याच बॉक्समध्ये पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेड मागवा, थांबायला लागलं तरी.

६. लिव्हर, स्विच आणि कपलर

पी मधून लिव्हर निघत नसेल तर आधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट लागतात का बघा. ब्रेकचा स्विच खराब असेल तर लॉक सुटत नाही, बॉक्सचा काही दोष नाही. लिव्हर डी ला आहे पण मीटरवर एन दिसतंय किंवा दिवा मागेपुढे होतोय, तर केबलचं सेटिंग हललंय किंवा बॉक्सवरच्या स्विचमध्ये ओल आहे. गाडी कधी फक्त एन मध्येच स्टार्ट होते, पी मध्ये नाही? तोच स्विच.

कपलर एकेक काढा, आत हिरवट बुरशी, ऑइल, वाकलेली पिन बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, परत लावा. बॅटरी काढायची वेळ आली तर आता काढू शकता, कोड तुमच्या फोनमध्ये आहेत.

७. रस्त्यावर चालवून बघा

ऑइलची लेव्हल बरोबर झाल्याशिवाय ही पायरी करायची नाही. कमी ऑइलवर जोरात चालवलेला बॉक्स तपासणीतच मरतो.

रविवारी पहाटे पाम बीच रोड चांगला, किंवा ईस्टर्न फ्रीवे, पण फ्रीवेवर मध्ये थांबायचं नाही आणि वेगाची मर्यादा पाळायची. शेजारी एक माणूस लिहायला बसवा, चालवणाऱ्याने लिहायचं नाही. स्कॅनर लाइव्ह डेटावर ठेवता आला तर ऑइलचं तापमान दिसू द्या: ८० ते १०० सेल्सिअसच्या आत असेल तर ठीक, १२० च्या वर जात असेल तर कूलरचा रस्ता बंद आहे किंवा आत स्लिप होतंय.

आधी उभ्या गाडीत एन मधून डी आणि एन मधून आर. सेकंद-दीड सेकंदात मऊ पकड यायला पाहिजे. मग हलक्या पायाने एकेक गिअर वर जाऊ द्या आणि कुठल्या बदलाच्या वेळी आरपीएम मध्येच उडतो ते लिहा. मग थोडं दाबून तेच. मग फ्लायओव्हरच्या चढावर.

आता लॉकअप. सपाट रस्त्यावर ७०-८० ला पाय स्थिर ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेक जेमतेम टेकवा, ब्रेक लाइट लागेल इतकंच. आरपीएम थोडा वर जाऊन पाय उचलल्यावर परत खाली आला म्हणजे लॉकअप लागतंय. रस्त्यावरच्या बारीक रेघांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर याच वेळी बघा: ब्रेक टेकवताक्षणी थरथर गेली, तर कन्व्हर्टर किंवा ऑइल. नाही गेली तर इंजेक्टर, माउंटिंग किंवा प्रोपेलर शाफ्ट. डिझेलमध्ये एक इंजेक्टर कमी काम करत असेल तर १२०० ते १५०० आरपीएमला नेमकी अशीच थरथर येते आणि कन्व्हर्टर विनाकारण बदलला जातो, तेव्हा हा फरक केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वहीतल्या नोंदी आता एकत्र वाचा. आतला एकेक क्लच ठरावीक गिअरमध्येच काम करतो, त्याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. उदाहरण घ्या, टोयोटाच्या ए३४० जातीच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये डायरेक्ट क्लच तिसऱ्या-चौथ्या गिअरला आणि रिव्हर्सला लागतो, तर फॉरवर्ड क्लच सगळ्या पुढच्या गिअरना. म्हणजे पहिला-दुसरा नीट आणि तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही स्लिप, तर बोट डायरेक्ट क्लचकडे. पुढे काहीच नाही पण रिव्हर्स उत्तम, तर फॉरवर्ड क्लच. पुढे-मागे सगळीकडेच ढिला, तर ऑइल, फिल्टर, पंप किंवा कन्व्हर्टर. बॉक्स न खोलता इतकं कळतं, आणि हे हातात घेऊन गेलात की गॅरेजमधलं बोलणंच बदलतं.

८. स्टॉल टेस्ट आणि प्रेशर

हे प्रत्येकाने करायचं नाही. ऑइल करपलेलं किंवा सोलकढी झालेलं असेल, ब्रेक कमजोर असतील, किंवा मॅन्युअलमध्ये ही टेस्टच नसेल तर सोडून द्या. सोसायटीच्या आवारात तर अजिबात नको.

करायची तर: ऑइल गरम, चारही चाकांना ठोकळे, हँडब्रेक, डाव्या पायाने पूर्ण ब्रेक, डी मध्ये पूर्ण रेस, आरपीएम जिथे थांबतो तो आकडा वाचा आणि सोडा. पाच सेकंदांच्या वर नाही. मग एन मध्ये टाकून निदान एक मिनिट आयडलवर थंड होऊ द्या, आणि मग आर मध्ये.

मॅन्युअलपेक्षा आकडा जास्त: क्लच स्लिप मारतोय किंवा प्रेशर कमी. आकडा कमी: इंजिनला दम नाही, डिझेलमध्ये टर्बो उशिरा भरत असला तरी हेच दिसतं, नाहीतर कन्व्हर्टरच्या आतला स्टेटर (ऑइलचा प्रवाह वळवणारं, एकाच दिशेने फिरणारं चाक) खराब. स्टेटर दोन्हीकडे सुटा फिरत असेल तर सिग्नलवरून उचल नसते पण हायवेला गाडी ठीक चालते.

प्रेशरचा गेज लावणं गॅरेजचं काम आहे. तुम्ही एवढंच मागा की गरम ऑइलवर आयडलला डी आणि आर, दोन्हीचं रीडिंग लिहून द्या. आर मधलं सहसा डी पेक्षा जास्त असतं. गेज न लावता "पंप गेलाय" म्हणणाऱ्याला विचारा, कशावरून?

९. चेंबर उघडणं

आता पाना उचलायचा. ऑइल कोमट असताना स्वच्छ भांड्यात काढा आणि किती निघालं ते मोजा, कारण परत भरताना सुरुवात तेवढ्यानेच करायची आहे. एकदा काढल्यावर सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं.

चेंबरच्या तळाला लोहचुंबक असतं. त्याच्यावरचा राखाडी मऊ लेप बोटाने पुसून घ्या. लेप गुळगुळीत असेल तर ती नेहमीची झीज आहे, घाबरायचं नाही. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे असतील तर बेअरिंग किंवा गिअर. पिवळसर तुकडे चुंबकाला चिकटत नाहीत, ते तळाच्या ऑइलमध्ये टॉर्चच्या उजेडात चमकतात, ते बुश किंवा वॉशरचे. काळा जाडसर चुरा असेल तर क्लचचं अस्तर. सगळ्याचे फोटो काढा, चिंधीने पुसायच्या आधी.

फिल्टर आणि पॅकिंग नवीन, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आणि मॅन्युअलच्या टॉर्कने. जास्त आवळून चेंबर वाकवणं ही फार नेहमीची चूक आहे, मग कितीही पॅकिंग बदला, गळतच राहतं.

आणि "जुन्या बॉक्सचं ऑइल बदललं की बॉक्स मरतो" हे अर्धवट आहे. क्लच आधीच संपलेला असतो तेव्हा लोक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात, नवीन ऑइल काही घासलेला क्लच परत आणत नाही, आणि नाव ऑइलचं होतं. स्लिप नसेल, वास नसेल, तुकडे नसतील तर बदला, फायदाच आहे. चुरा निघत असेल तर मशीनने प्रेशर फ्लश मात्र करू नका.

१०. गॅरेजशी बोलताना

वही, फोटो, टिश्यू घेऊन जा आणि कोटेशनच्या आधी निदान मागा: नेमका कुठला भाग आणि कुठल्या तपासणीवरून. जुने पार्ट परत पाहिजेत हे आधीच सांगा. ओव्हरहॉल करायचं ठरलं तर कन्व्हर्टर उघडून दुरुस्त होणार की नाही, आणि कूलर व त्याच्या नळ्या फ्लश करणार की नाही, हे दोन प्रश्न लिखित घ्या. जुन्या क्लचचा कचरा कूलरमध्ये बसलेला असतो, तो नवीन काम केलेल्या बॉक्समध्ये उतरला की सगळा खर्च पाण्यात.

कुर्ला, सीएसटी रोड भागातून सेकंडहँड बॉक्स घेत असाल तर तुमच्या बॉक्सवरच्या पट्टीचा नंबर फोटोसकट जुळवा, नुसतं मॉडेलचं नाव जुळून उपयोग नाही. कन्व्हर्टर त्याच बॉक्सचा सोबत घ्या, आणि त्या बॉक्सच्या ऑइलचा थेंब तिथेच टिश्यूवर टाकून बघा. दुकानदार नको म्हणाला तर तो बॉक्स घेऊ नका.

काम झाल्यावर स्कॅनरने अडॅप्टेशन (कंप्युटरला दुरुस्त बॉक्सची नव्याने ओळख) करून घ्यायचं, जिथे लागू असेल तिथे, नाहीतर दुरुस्त बॉक्सही सुरुवातीला दणके देतो. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर लेव्हल परत बघा, बरोबर त्याच तापमानाला, आणि कोड परत वाचा. नळ्यांचे जोड आणि चेंबरची कड कोरडी आहे का ते पुठ्ठा ठेवून बघा.